अरे, आवाज कुणाचा?

बीएस्सीला बॉटनी घेतलेल्या कुणालाही विचारा, झिग्नेमा म्हणजे काय. लगेच उत्तर येईल : गोड्या पाण्यातलं शेवाळ, फांद्या न फुटलेला हिरवा धागा, एकेका पेशीत चांदणीच्या आकाराची दोन हरितलवकं. स्पायरोगायराचा चुलत भाऊ. प्रॅक्टिकलला स्लाइड लावायची, टोकदार पेन्सिलनं आकृती काढायची, जर्नलवर सही घ्यायची, विषय संपला.

माझ्या रूममेटनं परवा माझ्या मोबाइलच्या स्क्रीनवर हे नाव वाचलं आणि विचारलं, ‘‘तू बॉटनीचं काय ऐकतीयेस गं?’’ मी एक इअरफोन काढून तिच्या कानात घातला. तिनं तो दहा सेकंदांत परत दिला. ‘‘शेवाळ एवढं चिडलेलं का आहे?’’ हा तिचा दुसरा प्रश्न.

हा लेख म्हणजे तिला द्यायचं राहिलेलं उत्तर आहे. तुम्हालाही तोच प्रश्न पडला असेल तर थोडं थांबा, आणि पडला नसेल तर जास्तच थांबा.

झिग्नेमा हा मुंबईचा मेटल बँड. सुरुवात २००६ साली. गायक जिमी भोरे, गिटारवर सिद्धार्थ कडादी, बेसवर लिऑन क्वाड्रोस, ड्रम्सवर मयंक शर्मा. त्यांचा पहिला अल्बम ‘बॉर्न ऑफ युनिटी’ आला २०१० मध्ये. म्हणजे आज कॉलेजात असलेल्यांपैकी बरेच जण तेव्हा शाळेची पाटी-पेन्सिल शोधत होते. मग आत्ता त्याच्यावर कशाला लिहायचं? तर मला तो उशिरा सापडला म्हणून. आणि सापडला तेव्हा मी साताऱ्याहून सांगलीला येणाऱ्या एसटीत खिडकीशेजारी बसले होते, म्हणूनही. हायवेवर त्यातला वेग कळला. पेठ नाका सोडल्यावर, गाडी हादरायला लागली तेव्हा, डबल बास ड्रम म्हणजे काय ते कळलं. ड्रमर दोन्ही पायांनी दोन पेडल मारत असतो आणि तुमच्या बरगड्या त्याच लयीत हलतात. आमच्या एसटीनं ते फुकटात समजावलं.

आधी थोडी ओळख करून देते, म्हणजे ‘हे नुसतं ओरडणं’ म्हणणाऱ्यांशी भांडायला सोपं जाईल.

थ्रॅश मेटल तयार झालं ते १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेत. ब्रिटिश हेवी मेटलचं वजन घेतलं, पंकचा वेग घेतला आणि दोन्ही एकाच गाडीत कोंबले. १९८३ मध्ये मेटॅलिकाचा पहिला अल्बम ‘किल ’एम ऑल’ आला, त्याच वर्षाच्या शेवटी स्लेयरचा ‘शो नो मर्सी’. दोन्ही पोरंसोरंच होती तेव्हा, आपल्याच वयाची. गिटारच्या तारांवर उजव्या तळहाताची कड टेकवून, आवाज दाबून, भराभर वाजवायचं, म्हणजे तो चिरपरिचित ‘खर्र-खर्र’ असा घट्ट आवाज निघतो. सगळी इमारत त्याच्यावर उभी असते.

मग काही जणांना सरळ धावायचा कंटाळा आला. कॅनडाचा वॉयव्हॉड, स्वित्झर्लंडचा कोरोनर, टेक्सासचा वॉचटॉवर यांनी थ्रॅशच्या आतच ताल मोडायला सुरुवात केली. चारचा ठेका मध्येच सातचा करायचा, पुन्हा चारवर यायचं, तेही तुम्हाला पत्ता न लागता. याला म्हणतात प्रोग्रेसिव्ह थ्रॅश. ऐकायला भयंकर अवघड वाटतं ना? पण तुमच्यातलं कुणी लहानपणी तबल्याच्या क्लासला गेलं असेल तर त्यानं हातावर रूपक धरून बघावा. तीन, दोन, दोन. सात मात्रा. हा हिशोब आपल्याकडे दहा वर्षांची पोरं टाळ्या देऊन करतात. चारच्या सवयीत वाढलेल्या कानांना सात मात्रा म्हणजे पाय अडखळल्यासारखं वाटतं, आपल्याला नाही. आपण या संगीताच्या बाहेरचे आहोत असं जे आपल्याला वाटतं, त्यात निदान तालाचा तरी काही दोष नाही.

झिग्नेमा या घराण्यातला अगदी शुद्ध बँड नाही. त्यांच्याकडे थ्रॅशचा वेग आहे, पण ते तो मुद्दाम मोडतात आणि ठेका मागे खेचतात. त्याला ग्रूव्ह म्हणतात, म्हणजे मान आपोआप हलते तो भाग. आवाज खालच्या पट्टीत उतरवलेल्या गिटारींचा. मध्येच गाणं वळण घेतं, एखादी गुंतागुंतीची रिफ येते, आणि तुम्ही ‘आता कुठं चाललेत हे’ असं म्हणेपर्यंत परत मूळ जागी. कधी पँटेराची आठवण येते, कधी लॅम्ब ऑफ गॉडची. शुद्धतावादी मंडळी याला भेळ म्हणतील. म्हणू देत. सांगलीत राहून भेळेला नावं ठेवणारा माणूस मला अजून भेटायचाय.

माझी तक्रार वेगळी आहे, तीही सांगते, नाहीतर हा लेख म्हणजे फॅन क्लबचं पत्रक होईल. जिमी भोरेंचा ग्रोल दमदार आहे, पण अल्बमभर त्याचा रंग फारसा बदलत नाही. शिवाय शब्द इंग्रजी. ते निम्मे कळत नाहीत, आणि ऐकताना मला सारखं वाटत राहिलं की हा माणूस जर मराठीत ‘काळ’, ‘वेळ’, ‘खळबळ’ असे शब्द या आवाजात म्हणाला असता तर? ळ आणि ख या दोन अक्षरांवर आख्खा मेटल अल्बम उभा राहील अशी आपली भाषा आहे, आणि ती आपण भावगीतांना वाहून टाकलीये.

ग्रोलला हसायचं असेल तर एक गोष्ट ऐकून मग हसा. ५ नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन साजरा करतो, कारण १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं ते इथंच, सांगलीत. त्या काळच्या त्या पौराणिक खेळांमध्ये राक्षस रंगमंचावर यायचे ते ‘अलल्डुर्र’ अशी आरोळी ठोकत. एवढं प्रसिद्ध झालं ते प्रकरण की त्या नाटकांनाच पुढं चेष्टेनं अलल्डुर्र नाटकं म्हणायला लागले. म्हणजे घशाच्या तळातून काढलेला राक्षसी आवाज ही गोष्ट सांगलीच्या रंगमंचाला काही परदेशी नाही. आपल्या पणजोबांच्या पणजोबांनी पैसे देऊन ऐकलाय तो.

आता मूळ मुद्द्यावर येते.

२००६ ला बँड, २०१० ला पहिला अल्बम. मधली चार वर्षं बघा. चार वर्षांत आपली डिग्री होते, एटीकेटी धरून. या चार वर्षांत चार-पाच माणसांनी नोकरी, घर, लोकल गाड्या, भांडणं सांभाळून एकाच खोलीत पुन्हा पुन्हा जमायचं, तीच रिफ शंभर वेळा वाजवायची, ती एकमेकांत बसवायची, मग पैसे जमवून रेकॉर्ड करायची. पहिला अल्बम हा या एकत्र टिकण्याचा पुरावा असतो. गाणी चांगली की वाईट हा पुढचा प्रश्न. शेवाळाच्या धाग्यातही एक पेशी दुसरीला चिकटून राहते म्हणूनच तो धागा असतो. (हे रूममेटला आवडलं. बाकीचं नाही.)

अल्बमनंतरच्या वर्षी, २०११ मध्ये, झिग्नेमा जर्मनीत वाकेनला गेले. वाकेन ओपन एअर हा जगातल्या सगळ्यात मोठ्या मेटल महोत्सवांपैकी एक. तिथं ‘मेटल बॅटल’ नावाची स्पर्धा असते, देशोदेशीचे नवे बँड उतरतात, आणि त्या वर्षी भारताकडून पहिल्यांदाच कुणी उतरलं ते म्हणजे हे. कौतुक झालंच. पण मला त्या बातमीतलं गाव जास्त महत्त्वाचं वाटतं.

वाकेन हे शहर नाही. उत्तर जर्मनीतलं जेमतेम दोन हजार वस्तीचं खेडं आहे. गाईगुरं, शेतं, एक अग्निशमन दल. १९९० मध्ये तिथल्या पोरांनी गावाबाहेर छोटासा कार्यक्रम सुरू केला. आज त्या शेतांमध्ये काही दिवसांसाठी पाऊण लाखाच्या वर माणूस उतरतो. पाऊस पडला की सगळीकडे चिखल, आणि त्या चिखलाचीही लोकांना हौस. गावातली म्हातारीकोतारी दारात उभी राहून काळे टीशर्टवाले बघतात, गावकरी खाणंपिणं विकतात, आणि महोत्सवात गावच्या अग्निशमन दलाचा स्वतःचा ब्रास बँड वाजवतो. मेटलच्या महोत्सवात! डोळ्यांसमोर आणा : पुसेगावची यात्रा, फक्त पाळण्यांच्या जागी अँप्लिफायर.

म्हणजे गाव लहान आहे, लोक जुन्या वळणाचे आहेत, इथं असलं काही चालायचं नाही, ही जी आपली कायमची कारणं आहेत, ती तिथं चालली नाहीत. आणि खरं सांगायचं तर ती इथंही कधी चालली नव्हती. सातारा जिल्ह्यातलं औंध घ्या. पं. अनंत मनोहर जोशी, म्हणजे अंतूबुवांनी, आपले गुरू शिवानंदस्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० च्या सुमारास तिथं संगीत उत्सव सुरू केला आणि तो आजही चालू आहे. एवढंसं गाव, देशातले मोठे मोठे गायक तिथं येऊन गेले. मिरजेला या. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले, त्यांची समाधी मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात आहे, आणि उरुसात त्यांच्या आठवणीत गाणं होतं ते उघड्यावर, कुणीही येऊन बसावं असं. तिकीट नाही, ड्रेस कोड नाही, शेजारी कोण बसलंय याची चौकशी नाही.

मिरजेची अजून एक गोष्ट मला या विषयाशी फार जवळची वाटते. तिथली सतारी-तंबोऱ्यांची परंपरा साधारण १८५० च्या आसपासची. ती सुरू करणारे फरीदसाहेब आणि त्यांचे भाऊबंद मुळात शिकलगार होते, म्हणजे तलवारींना धार लावणारे. तलवारींचे दिवस संपले, हातातलं कसब शिल्लक राहिलं, आणि ते तारांकडे वळले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले. छानच. पण जरा विचार करा, शस्त्र बनवणाऱ्या हातांनी वाद्य बनवलं, आणि आपण त्याला लगेच ‘आपली परंपरा’ म्हणून काचेच्या कपाटात ठेवलं. त्या माणसांनी त्यांच्या काळात केलं ते अगदी नवं होतं. लोखंडाकडून सुरांकडे. यापेक्षा जास्त मेटल असं काय असू शकतं, सांगा मला.

आणि आता आपलं काय चाललंय ते बघा.

मी ज्या कॉलेजात होते (नाव सांगणार नाही, उगाच सरांना फोन जायचे), तिथं आमच्या मित्रांचा एक बँड होता. दोन गिटार, एक बेस, एक ड्रमर, आणि गायला आमच्यातलीच एक मुलगी. अख्खं वर्ष सराव केला. सराव कुठं, तर ड्रमरच्या मामांच्या उसाच्या शेताजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये. मे महिन्यात त्या शेडमध्ये उभं राहून बघा, मग कळेल. शेडच्या भिंतींना अंड्यांचे ट्रे लावले होते, आवाज घुमू नये म्हणून. त्यानं काही होत नाही हे नंतर कळलं, पण मामी पोरांना अंडी खायला घालून घालून थकल्या होत्या.

गॅदरिंगला त्यांना दोन गाणी मिळाली. पहिलं कुणाचं तरी होतं, दुसरं स्वतःचं, मराठीतलं, पाण्याच्या टँकरवर लिहिलेलं. पहिलं गाणं संपलं, टाळ्या पडल्या, थोड्या शिव्याही पडल्या, चालायचंच. दुसऱ्याच्या सुरुवातीलाच साउंडवाल्याला खूण झाली आणि माइक बंद. कारण दिलं गेलं, आवाज फार होतोय. मुलगी गात राहिली, नुसते ओठ हलताना दिसत होते. त्याच स्टेजवर त्यानंतर एका रिमिक्सवर ग्रुप डान्स झाला, तो एवढ्या मोठ्यानं की बाहेर लावलेल्या गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले. तेव्हा कुणाला आवाजाचा त्रास झाला नाही.

ते दुसरं गाणं आजपर्यंत कुणी ऐकलेलं नाही. बेसवाला पुण्याला गेला, एक गिटारवाला स्पर्धा परीक्षा करतोय, गाणारीचं लग्न ठरलंय. ड्रमर एमआयडीसीत शिफ्टला जातो. त्या बँडचा पहिला अल्बम कधी निघणार नाही. मी झिग्नेमा ऐकताना माझ्या डोक्यात सारखं तेच येतं. तीच सामग्री होती, तीच माणसं होती, फक्त चार वर्षं टिकायला जी जागा लागते ती नव्हती.

तुम्ही म्हणाल, मुंबईत असतं सगळं. असतं, पण तिथंही फुकट नसतं. मुंबईत १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव व्हायचा, आणि त्या पिढीच्या तोंडी एकच नाव असतं : रंगभवन. धोबीतलावाजवळचं खुलं नाट्यगृह. तिथल्या मैफलींवर बंदी आली ती शेजारी हॉस्पिटल, कॉलेज, म्हणून शांतता क्षेत्र, या कारणानं. तेव्हापासून त्या बँडना जागा शोधत फिरावं लागलं. कधी पब, कधी एखादा हॉल, कधी कॉलेजचे फेस्ट. तरीही झिग्नेमासारखे बँड उभे राहिले, कारण शहर मोठं होतं, एक दार बंद झालं तर दुसरं कुठं तरी किलकिलं होतं. सातारा-सांगलीत एक दार बंद झालं की घरी जायचं.

इथं मला नियमांविरुद्ध बोलायचं नाही, हे स्पष्ट करते. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम मला मान्य आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर नाही. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा. हॉस्पिटल, शाळा-कॉलेज, कोर्ट यांच्या भोवतीची शंभर मीटरपर्यंतची जागा सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं, तिथं दिवसा ५० आणि रात्री ४०. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सणासुदीला रात्री बारापर्यंत सूट देता येते. माझे आजोबा हार्ट पेशंट आहेत, मिरवणुकीच्या दिवशी आम्ही त्यांना गावाकडं नेऊन ठेवतो. मला कळतं आवाज म्हणजे काय ते. पण मग नियम आहे तो सगळ्यांना असू दे की. खिडक्यांच्या काचा थरथरवणाऱ्या डीजेच्या भिंतीपुढं आपण नाचतो, आणि स्वतःच्या हातानं वाद्य वाजवणाऱ्या चार पोरांना मात्र ‘हे काय संगीत आहे का’ म्हणून दुपारी बाराला गप्प करतो. यात त्रास आवाजाचा नाही. अनोळखी गोष्टीचा आहे, आणि तो डेसिबलच्या नावावर खपवला जातो.

युवा महोत्सवाचं बघा. कोल्हापूर, सांगली, सातारा, तिन्ही जिल्ह्यांची कॉलेजं शिवाजी विद्यापीठाच्या युवा महोत्सवाला जीव टाकतात. हलगी, ढोल, लोकनृत्य, मूकनाट्य, काय एकेक ताकदीच्या गोष्टी होतात तिथं. या महोत्सवांची राष्ट्रीय पातळीवरची यादी भारतीय विश्वविद्यालय संघाची असते. त्यात पाश्चात्त्य एकल गायन आहे, पाश्चात्त्य समूहगीत आहे, पाश्चात्त्य वाद्यवादनही आहे. म्हणजे गाणारा वेगळा, वाजवणारा वेगळा. चार जणांनी मिळून स्वतःचं गाणं रचायचं आणि स्वतःच वाजवायचं, याला खाना नाही. बँड ही गोष्टच त्या फॉर्मवर लिहिता येत नाही. विद्यापीठाला राष्ट्रीय यादी बदलता येणार नाही, मान्य. पण जिल्हा पातळीवर, स्पर्धेबाहेर, ‘स्वतःचं गाणं’ म्हणून एक तास ठेवायला कुणाची परवानगी लागते? मेटलच पाहिजे असं नाही. शाहिरी करा, रॅप करा, हलगी आणि बेस गिटार एकत्र आणा. अट एकच, गाणं तुमचं पाहिजे.

आणि कॉलेजांकडून स्टेज नकोच आहे आधी. खोली पाहिजे. संध्याकाळी साडेपाच ते साडेसात, आठवड्यातून दोन दिवस, एक बंद खोली. रुग्णालयापासून लांब, ग्रंथालयापासून लांब, मुख्य इमारतीच्या मागची ती जुनी लॅब, जिच्यात तुटके बाक आणि निवडणुकीचे खोके रचून ठेवलेत. ती प्रत्येक कॉलेजात असते, तुम्हाला माहितीये कुठली ते. एक जुना ड्रम सेट आणि दोन अँप्लिफायर ही कुठल्याही गॅदरिंगच्या मंडपाच्या खर्चापुढं काही फार मोठी गोष्ट नाही. कर्मवीर अण्णांनी ‘कमवा आणि शिका’ चालवलं त्या साताऱ्यात आपण राहतो. पोरांनी रंग मारला, बाक हलवले, भिंतींना जुन्या गाद्या लावल्या, तर त्यांना ती खोली वापरू द्या, एवढंच म्हणणं आहे.

आता आपल्याकडं बघू, कारण सगळं सरांवर ढकलून पळता येणार नाही. आपण मेटॅलिकाचा टीशर्ट घालतो. रविवारच्या बाजारात सहज मिळतो, काळा, मागे कवटी. त्यांचा एक पूर्ण अल्बम सुरुवातीपासून शेवटपर्यंत किती जणांनी ऐकलाय? मी विचारलं माझ्या ग्रुपमध्ये. उत्तरं ऐकून टीशर्टलाच लाज वाटली असती. आपण पंधरा सेकंद ऐकतो, अंगठा वर. एखाद्या बँडनं चार वर्षं घालवून गाण्यांचा क्रम लावलेला असतो, कुठलं आधी, कुठं दम घ्यायचा, कुठं पुन्हा अंगावर जायचं. आपण तो क्रम वाचतच नाही, मधलंच पान फाडून घेतो. आणि मित्राच्या बँडचा कार्यक्रम असला की आपला प्रश्न, ‘पास आहे का?’ शंभर रुपयांचं तिकीट काढायला आपला जीव जातो, मिसळीला मात्र तेवढेच पैसे तिसऱ्या मिनिटाला उडवतो.

मुलींना वेगळं सांगते. मेटल ऐकते म्हटलं की दोन प्रश्न येतात : ‘तुला खरंच आवडतं का?’ आणि ‘बॉयफ्रेंडनं लावलं का?’ मग परीक्षा सुरू, पाच बँडची नावं सांग. माझा सल्ला, पाचही सांगा आणि मग त्यालाच विचारा, वॉचटॉवर कुठला बँड ते. पुढचे प्रश्न येत नाहीत.

मी हे लिहिलं ते मुंबईच्या एका बँडच्या पंधरा-एक वर्षं जुन्या अल्बमसाठी नाही फक्त. तो अल्बम परिपूर्णही नाही. त्यांनीच पाच वर्षांनी, २०१५ ला, दुसरा काढला. मला पहिलाच जास्त जवळचा वाटतो, त्यात धडपड ऐकू येते म्हणून. पण पहिला असल्याशिवाय दुसरा नसतो. आणि आपल्याकडं, या दोन जिल्ह्यांत, पत्र्याच्या शेडमध्ये, उसाच्या कडेला, किती पहिले अल्बम अर्धवट पडलेत त्याची मोजदाद कुणी ठेवत नाही.

हा लेख लिहून झाला तेव्हा मी ड्रमरला फोन केला. तो सेकंड शिफ्टला निघाला होता. त्याला म्हटलं, पाण्याच्या टँकरचं गाणं अजून आठवतं का? तो म्हणाला, हातांना आठवतं. कंपनीत मशीन चालू झालं की त्याच्यावर बोटं आपोआप पडतात. शेडमध्ये मामांनी आता सोयाबीनची पोती ठेवलीयेत, पण ड्रम सेट विकलेला नाही, ताडपत्रीखाली आहे. बेसवाला दिवाळीला येतोय. गाणारीला विचारायची जबाबदारी माझ्यावर टाकलीये, आणि मी अजून तिला फोन केलेला नाही. करते.